अक्का बसल्यावर चौतीस

अक्काचं वजन बारा किलोंनी उतरलं होतं, आणि ते तिच्या सख्ख्या भावाला कळलं ते मोजपट्टीवरून. तेही तीन महिने उशिरा. आठवड्यातून दोनदा समोर बसून चहा पिणारा भाऊ, डोळे काय गहाण ठेवले होते याने? नव्हते ठेवले. पण माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा कधी भरवसाच नव्हता. उशीर का झाला ते सांगायचं, तर आधी हा माणूस दिवसभर काय करतो ते सांगायला हवं.

त्याला सगळे पट्टीवाले मास्तर म्हणत. गाळा लहान, अर्धं शटर कायम खाली ओढलेलं, छताला एक आकडा आणि त्याला साखळी, भिंतीला चार खण आणि त्यांत स्प्रिंगा. मोटरसायकलच्या धक्के झेलणाऱ्या शॉकपशिवाय तो दुसरं काही करत नसे. कुणी चुकून इंजिनाचं विचारलंच, तर हातातला पाना न ठेवता हनुवटीनेच शेजारची गल्ली दाखवायचा. ब्रेक? तीच गल्ली. हॉर्न? तीच. "मी फक्त माणूस आणि गाडी यांचं जमवून देतो," असं म्हणायचा, आणि ते म्हणताना जरा ताठच उभा राहायचा.

जमवून द्यायचं म्हणजे काय? तर मोटरसायकल कारखान्यातून येते ती कुणातरी मधल्याच माणसासाठी बनवलेली. तो मधला माणूस या मास्तरने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. खरा माणूस त्याच्यापेक्षा जड असला तर गाडी मागे बसते आणि वळणावर पोहते. हलका असला तर स्प्रिंग त्याला जुमानत नाही, प्रत्येक खड्डा थेट कण्यात. म्हणून स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची, ते बसणाऱ्याप्रमाणे ठरवावं लागतं. आटे आवळले की कडक, सैल केले की मऊ.

त्यासाठी तीन मापं. पहिलं, गाडी साखळीने उचलून मागचं चाक अधांतरी असताना, आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत. दुसरं, गाडी जमिनीवर, तिचं सामान तिच्यावर, पण माणूस नाही. तिसरं, माणूस बसल्यावर. प्रत्येक वेळी गाडी एकदा उचलून सोडायची, एकदा दाबून सोडायची आणि दोन्हींचा मध्य धरायचा, कारण शॉकपमधलं रबर धरून ठेवतं आणि खोटं सांगतं. गाडी स्वतःच्या भाराने किती बसली आणि माणसाने किती बसवली, हे दोन आकडे मिळाले की झालं.

वजन तो कुणाला विचारत नसे. "माणूस दोन गोष्टींत खोटं बोलतो," तो म्हणायचा, "गाडी किती हळू चालवतो त्यात, आणि वजनात." एक गृहस्थ आले होते, सत्तर धरा म्हणाले, आणि बसताना पोट आत ओढून श्वास कोंडून बसले. मास्तर जमिनीवर आडवा पडून पट्टी वाचत होता. तिथूनच म्हणाला, "साहेब, पोट आत घेतल्याने वजन आत जात नाही. सोडा श्वास, नाहीतर इथेच आडवे व्हाल." गाडी सरळ राहावी म्हणून पुढून हँडल धरायला त्याची बायको उभी असायची. ती इतकी हसली की गाडी हलली आणि सगळं माप पुन्हा घ्यावं लागलं. मग आठवडाभर ती घरात कुठलाही डबा उघडताना "सत्तर धरा" म्हणायची.

आणि एक अट होती. ज्या कपड्यांत, ज्या बुटांत, जे सामान घेऊन रोज जाता, तसेच या. एकाने दप्तर घरी ठेवलं म्हणून त्याला तसाच परत पाठवला होता.

आता अक्का. अक्का त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक. गाडीला मागे लाकडी पेटी, पेटीत ओळीने बसवलेली सरकारी शिक्क्याची पितळी वजनं, आणि दिवसभर या बाजारातून त्या बाजारात. लांबून तिची गाडी दिसली की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. पारड्याखाली चिकटवलेला चुंबक ती रस्त्याच्या पलीकडून ओळखते, अशी तिची ख्याती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. रोज साठ-सत्तर किलोमीटर गाडी चालवायची, आणि निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

मास्तरने आयुष्यात नीट जमवलेली पहिली गाडी अक्काची. वहीत नोंद होती. गाडी आणि पेटी: बारा मिलिमीटर. अक्का बसल्यावर: चौतीस. म्हणजे मधले बावीस अक्काचे. अकरा वर्षांत त्यात काडीचा फरक पडला नव्हता, कारण अक्काही तशीच, घड्याळ लावून जेवणारी आणि दोन घास कमी नाही की जास्त नाही.

तर ही अक्का एका सकाळी आली आणि सीटवरून उतरताना कमरेला हात लावून म्हणाली, "धाकट्या, गाडी आदळते रे. खड्ड्यात गेली की कणा डोक्यात शिरतो. जरा मऊ कर."

"बस. मोजतो."

"मोजत नको बसू आता. घाई आहे मला. दोन आटे सैल कर फक्त."

"न मोजता?"

"मी सांगतेय ना!"

"अक्का, दुकानदार सांगतो म्हणून तू न तपासता शिक्का मारतेस का?"

अक्काची बोलती बंद. असं फार क्वचित व्हायचं, त्यामुळे मास्तर खूश झाला. तिने हेल्मेट घातलं. "परवा येते," म्हणाली, आणि गेली.

परवा आली. पेटीसकट बसली, बायकोने हँडल धरलं, मास्तर आडवा झाला. चौतीस! जिथल्या तिथे. मग आदळते कशी? त्याने चाकातली हवा पाहिली. गाडी ठेवून घेतली, शॉकप उतरवला, उघडला, आतलं तेल बदललं. अक्का आठवड्याने परत. "आदळते." पुन्हा मोजलं, चौतीस. मागचं चाक धरणाऱ्या दांडीचे बेअरिंग काढून पाहिले, ते गुळगुळीत. दाबलेली स्प्रिंग किती वेगाने परत यावी ते ठरवणारा स्क्रू दोन टिचक्या फिरवला. पंधरा दिवसांनी, आणि मग दर पंधरा दिवसांनी, अक्का दारात, "आदळते."

मास्तरने हात टेकले. इथे फाटक्या शॉकपच्या गाड्या तो एका दिवसात वळणावर आणायचा, आणि स्वतःच्या बहिणीची गाडी तीन महिने ऐकत नव्हती. त्याला अपमान वाटला. गिऱ्हाइकांवर ओरडायला लागला.

"अहो," बायको एकदा म्हणाली, "अक्का बारीक दिसतात हो हल्ली."

"चौतीस आहे."

"गाल बघा त्यांचे."

"गालाचं काय घेऊन बसलीस! बारीक झाली असती तर पट्टी बोलली नसती का?"

आता यात चूक कुठे होती? परक्याची गाडी असती तर याने तिन्ही मापं घेतली असती. अक्काची म्हणून मधलं गाळलं. गाडी आणि पेटी म्हणजे बारा, ते काय मोजायचं! अकरा वर्षांचं पाठ. ती आली की एकदम बसवायची आणि चौतीस वाचायचे. हजार गाड्यांत कुणाला जी सवलत दिली नाही, ती बहिणीला दिली.

मग एकदा अशीच अक्का आली, गाडी लावली, तेवढ्यात तिच्या कचेरीतून फोन आला. ती बोलत बाहेर कोपऱ्यापर्यंत गेली. बायकोने हँडल धरलेलंच होतं. मास्तरच्या हातात पट्टी होती आणि करायला काही नव्हतं. म्हणून, नुसता हाताला चाळा म्हणून, त्याने मधलं माप घेतलं.

सोळा.

त्याने गाडी उचलून सोडली, दाबून सोडली. सोळा. "स्प्रिंग बसली," तो पुटपुटला, आणि अर्ध्यातच थांबला. स्प्रिंग बसली असती तर अक्का बसल्यावरचा आकडाही वाढायला हवा होता. चाळीसच्या घरात. तो तर चौतिसावर ठाण मांडून होता. रिकामी गाडी चार मिलिमीटर जास्त बसते आणि माणूस बसला की हिशेब जुळतो, असं कधी होतं? गाडी जड झाली आणि माणूस हलका झाला, तर.

त्याने पेटीचा पट्टा सोडला. झाकण उघडलं. आत मखमलीच्या खाचांत पितळी वजनं ओळीने, जशी असायची तशी. आणि त्यांच्या बाजूला, पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली, खाच नसलेली, आणखी दोन लोखंडी वजनं. एक पाच किलोचं, एक दोन किलोचं. दोन्हींवर खात्याचा शिक्का.

"हे काय हो?" बायको म्हणाली.

मास्तर भिंतीवर खडूने लिहीत होता. चौतिसातून सोळा गेले, राहिले अठरा. बावीसला अक्का चौसष्ट किलो, तर अठराला किती? खडू दोनदा मोडला. बावन्न. आकडा त्याने पुसला, पुन्हा मांडला, पुन्हा बावन्नच आला.

अक्का फोन पर्समध्ये टाकत आत आली आणि उघडी पेटी बघून जागच्या जागी थांबली.

"निरीक्षक बाई," मास्तर म्हणाला. आवाज चढलेला होता. "हे काय आहे? याच्यासाठी तुम्ही लोकांच्या दुकानांना कुलपं लावता ना?"

आणि अक्काने काय करावं? हसली! "बरोबर बसवलं होतं की नाही? सात किलो पार मागे टाकले की बारा किलोंचा माणूस भरून निघतो. घरी तीनदा करून पाहिलं मी, तुझीच पद्धत."

"वेड लागलंय का तुला?"

"ओरडू नकोस. बाहेर लोक आहेत."

"ओरडणार! कधीपासून?"

"चार महिने. पाच असतील."

"भूक?"

"नाही लागत."

"दुखतं?"

अक्काने डाव्या बरगडीखाली हात ठेवला आणि लगेच काढला. "कधी कधी."

"डॉक्टर?"

"नाही." मग ती म्हणाली, "दाखवून काय होतं ते आपण आईच्या वेळी पाहिलंय ना, धाकट्या."

बायकोला आईची गोष्ट अर्धीच माहीत होती. उरलेली अर्धी या दोघा भावंडांतच होती, ती अशी. मास्तर तेव्हा नुकता शिकलेला, हाताला नवं नवं कसब आलेलं. आई रोज त्याच्या मागे बसून कामाला जायची. एकदा म्हणाली, गाडी आदळते रे. त्याने एक आटा सैल केला. आई खूश. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा एक आटा. वर्षात चार वेळा. आई शेजारणींना सांगायची, माझ्या लेकाची गाडी म्हणजे पाळणा आहे पाळणा! आणि हा बेटा फुशारून जायचा. मग आईला दवाखान्यात ठेवलं, आणि डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? तेव्हा याने मनातल्या मनात आटे मोजले. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक वेळी आई थोडी कमी झाली होती, आणि त्याने काही न विचारता गाडी तेवढी मऊ करून दिली होती. त्यानंतर दोन महिन्यांत आई गेली. पट्टी त्याच्या खिशात आली ती त्या महिन्यापासून.

"आईसाठी केलंस तेवढंच मागत होते मी," अक्का म्हणाली. "न विचारता. दोन आटे. आई शेवटपर्यंत सुखाने बसली तुझ्या मागे. मला तेवढं पुरलं असतं."

"मला नाही पुरत," मास्तर म्हणाला. "एक आटा सैल करणार नाही. अर्धासुद्धा नाही. आदळू दे. तू दवाखान्याची पायरी चढेपर्यंत आदळत राहू दे तुला. आई मला कळली नाही, अक्का. मी ढ होतो. तू तर कळून सवरून मला पुन्हा तसाच ढ करायला निघालीस!"

अक्काचा चेहरा उतरला. इतकी वर्षं समोरच्याला गप्प करायची सवय असलेली बाई, खाली बघून पर्सचा पट्टा पिळत राहिली. "घाबरले रे," ती शेवटी म्हणाली. "दुसरं काही नाही. फार घाबरले."

मास्तरने पेटी उचलून आत ठेवली, शटर ओढलं आणि म्हणाला, "चल."

गाडी अक्काच चालवणार म्हणाली. मास्तर मागे बसला, ऐंशी किलोचा ऐवज. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. अक्का मान वळवून ओरडली, "बघ, आता नाही आदळत!" आणि तो मागे बसल्या बसल्या रडत रडतच हसला.

गाठ निघाली. लवकर सापडली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, वेळेत सापडली असं म्हणाले, आणि मास्तरने घरी येऊन बायकोला तो शब्द चार वेळा सांगितला. वेळेत. ऑपरेशन झालं. मग औषधांचे महिने लागले, एक संपला की दुसरा. गाडी चालवायची नाही, पेटी उचलायची नाही, कचेरीत जायचं नाही. अक्काला यातलं पेटीचं फार लागलं. तिच्या जागी तात्पुरता आलेला निरीक्षक वजनं ओल्या हाताने धरतो, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं.

दवाखान्यात दर महिन्याला वजन घ्यायचे. अक्काचा त्या काट्यावर विश्वास नव्हता. पहिल्याच दिवशी तिने सलाईनची नळी धरून वाकून बघितलं आणि नर्सला सुनावलं, की याच्या शिक्क्याची मुदत संपून दोन वर्षं झालीत, हा आकडा मी मानत नाही. नर्सने डोक्याला हात लावला.

मग दर महिन्याला दवाखान्यातून सुटली की ती बसने गाळ्यावर यायची. गाडी तिथेच होती, झाकून ठेवलेली. बायको वरचं कापड काढायची, हँडल धरायची, आणि अक्काला चढता यावं म्हणून खाली एक लाकडी फळी ठेवायची. मास्तर आता तिन्ही मापं घेत होता. चाक अधांतरी, गाडी जमिनीवर, अक्का वर. उचलून, दाबून, मध्य काढून. पेटी नाही, दप्तर नाही, खिसेसुद्धा तो तिला रिकामे करायला लावायचा. "चोर समजतोस का मला?" "हो." अक्काच्या एकटीच्या भाराचा आकडा वहीत अक्काच्या हातानेच लिहायचा, असं ठरलं होतं, म्हणजे पुढे वाद नको.

ऑपरेशननंतर सतरा. पुढच्या महिन्यात सोळा. त्या दिवशी मास्तरने पट्टी गुंडाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग पुन्हा सोळा, आणि पुन्हा सोळा. उतरत नाही हेही खूप आहे, असं बायको म्हणायची, आणि दोघंही हो म्हणायची. पण चहा कुणालाच गोड लागत नव्हता. अक्काचे केस गेले होते, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायचं, आणि सीटवर बसली की तिचा भार मास्तरला हातालाच जाणवायचा, पट्टीच्या आधी.

पाचव्या महिन्यात अक्का आली तेव्हा कोपऱ्यापासूनच धापा टाकत आली. फळीवर पाय ठेवला, चढली, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हलायचं नाही," मास्तर दरडावून म्हणाला. "मी सांगेपर्यंत कुणीच हलायचं नाही." आणि आडवा झाला.

मग त्याने उठून गाडी मागून पुन्हा उचलली, सोडली. दाबली, सोडली. पुन्हा आडवा. पुन्हा उठला, पट्टी शर्टाला पुसली, पुन्हा आडवा.

"काय आहे ते सांग रे बाबा," अक्का म्हणाली. "लिहायचंय मला."

"सतरा," तो म्हणाला.

"नीट बघ."

"तीनदा बघितलं, अक्का. सतरा. एक मिलिमीटर. तीन किलो, जवळजवळ तीन किलो." आणि एवढं बोलून तो उठला नाहीच. तिथेच, तेलकट फरशीवर, खणांना पाठ टेकून बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. पट्टी हातात तशीच, बाहेर आलेली.

बायकोला त्याच्याकडे जायचं होतं, पण हँडल सोडलं तर गाडी कलंडली असती. तिने आपले डोळे खांद्याला पुसले. अक्का ताठ बसली होती, मांडीवर हात, समोर बघत, गालांवरून पाणी वाहत होतं तेही न पुसता, कारण हलायचं नाही असं सांगितलेलं होतं.

"धाकट्या," ती शेवटी म्हणाली. "उतरू का रे मी आता?"

"नको," तो म्हणाला. "बस. अजून थोडं बस."